खुर्चीवाल्या सिस्टर

"उठा. सगळ्याजणी उठा. ही बाकडी काय सरकारनं चिमण्यांना बसायला पाठवलीत?"

औषधांच्या खिडकीआड बसून मी धुमाळ सिस्टरांचा हा आवाज इतकी वर्षं ऐकला, की त्या निवृत्त झाल्यावर कितीतरी दिवस मला सकाळ झाल्यासारखीच वाटेना. वेल्हे तालुक्यातलं आमचं आरोग्य केंद्र लहान. व्हरांड्यात भिंतीला लागून लाकडी बाकडी. बाकड्यांवर पुरुष आणि खाली फरशीवर बायका, अशी वाटणी कुणीही न सांगता रोज सकाळी आपोआप होऊन जायची. सिस्टर त्या वाटणीवर रोज नव्यानं चिडायच्या. दुखऱ्या गुडघ्याच्या बाया भिंतीचा आधार घेत, "आयो, आयो गं" करत उठायच्या. तोवर सिस्टर बाकड्यावरच्या एखाद्या धडधाकट गड्यापुढे कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या असायच्या.

"तुमचं काय दुखतंय?"

"दाढ, शिस्टर."

"मग दाढेवर बसलाय काय? उठा, आक्कांना बसू द्या."

गडी उठायचा. मग पंचाईत अशी, की मोकळ्या झालेल्या बाकड्यावर बसायला आक्काच तयार नसायच्या. गावातला कुणी चुलत सासरा, मामेसासरा शेजारी बसलेला असायचा. त्याच्या बरोबरीनं कसं बसायचं? आक्का पदर सारखा करत तशाच उभ्या राहायच्या. सिस्टर त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्यांना खाली दाबायच्या आणि मामेसासऱ्याकडे अशा बघायच्या की तोच तंबाखू थुंकायच्या निमित्तानं बाहेर जायचा. आमच्या भागात त्यांचं नाव 'खुर्चीवाल्या सिस्टर' पडलं ते यामुळे. बाकी आरोग्यसेविका लशींमुळे, बाळंतपणांमुळे ओळखल्या जातात. ती कामं यांनीही केली, चोख केली; पण यांचं खरं वैर होतं ते जमिनीवर बसण्याशी.

सिस्टर मूळच्या भोरकडच्या एका खेड्यातल्या, राहायला विंझरला. ठेंगणी, रुंद बांध्याची बाई. केस घट्ट ओढून बांधलेले, पायांत पुरुषी वाटावेत असे जाड तळाचे बूट. त्यांचे स्वतःचे गुडघे कधीच गेले होते. व्हरांड्यातून चालल्या की कटकट आवाज यायचा. एकदा एका आगाऊ कंपाउंडरनं त्यावरून काहीतरी म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "पैंजण हायेत माझे. दिसत न्हाईत, नुसते वाजत्यात." केंद्राच्या पायऱ्या चढताना त्या कायम कमी दुखणारा पाय आधी टाकायच्या आणि उतरताना जास्त दुखणारा. प्रत्येक पेशंटला तेच शिकवायच्या. "वर जाताना शहाणा पाय फुडं, खाली येताना येडा पाय फुडं. म्हना बघू." बायका लाजत लाजत म्हणायच्या. म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

आमच्याकडे डॉक्टर बदलत राहायचे. बहुतेक सगळे चांगले होते आणि सगळ्यांनी सिस्टरांना एकच गोष्ट सांगून पाहिली, की तुम्ही आता डोंगरावरच्या फेऱ्या सोडा आणि केंद्रात बसून काम करा. सिस्टर मान हलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पासलीच्या एस.टी.त चढलेल्या असायच्या. "मला बसवलंत तर मी बसूनच ऱ्हाईन," असं त्यांनी एका डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. त्यात धमकी होती की भीती, मला नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

सांधे झिजलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच औषधं ठाऊक, बिब्बा आणि घराचा कोपरा. बिब्ब्याचं तेल तापवून गुडघ्यावर डाग द्यायचे. कातडी भाजते, फोड येतात, त्या आगीपुढे आतलं दुखणं चार दिवस जाणवत नाही, म्हणून बिब्बा गुणकारी. अशी एखादी भाजलेली बाई ड्रेसिंगला आली की सिस्टरांचा पारा चढायचा. हात हलके चालायचे, तोंड मात्र थांबायचं नाही. "घरात साप निघाला म्हनून वाघ आणून सोडता व्हय? आता दोन दुखनी झाली. कुटलं आधी बगू?" ती बाई रडता रडता हसायची आणि सिस्टर आणखी चिडायच्या.

माझ्याशी त्यांची जुंपायची ती गोळ्यांवरून. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी खिडकीतून द्यायचो, सकाळी एक रात्री एक असं सांगायचो, माझं काम तिथं संपायचं. सिस्टरांचं तिथून सुरू व्हायचं. खिडकीशी उभं राहून त्या प्रत्येकीला विचारायच्या, "सकाळधरनं काय खाल्लं?" एकदा तर माझ्या हातातली पुडीच त्यांनी धरून ठेवली.

"कुलकर्णी, हिला देऊ नका. हिची एकादस हाय."

ती बाई बिचारी म्हणाली, "अवो बाई, गोळी चालती की उपासाला. गोळी म्हंजी काय खानं न्हाई."

म्हणजे उपाशीपोटी दुखण्याची गोळी, आणि तीही उपास मोडू नये म्हणून नुसत्या पाण्याबरोबर. मी इतकी वर्षं गोळ्या वाटत होतो, पण हा हिशेब मला कधी सुचला नसता. सिस्टरांनी तिला समोरच्या हॉटेलात नेऊन साबुदाण्याची खिचडी खायला घातली, आणि मगच गोळी घेऊ दिली. "देवाला काय सांगायचं ते मी सांगते," म्हणाल्या. देवाशी त्यांचं बरं चालायचं. माणसांशीच भांडण.

त्या चुकायच्याही, आणि चुकल्या की त्याचाही गाजावाजा करायच्या. विंझरची एक बाई व्यायाम करत नाही, नुसती कण्हत बसते, म्हणून सिस्टरांनी तिला सगळ्यांदेखत झाडलं. ती रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिला टेम्पोत घालून आणलं तेव्हा ती तापानं फणफणलेली, गुडघा लालभडक आणि टम्म सुजलेला. ही नुसती झीज नव्हती, आत पू झाला होता. डॉक्टरांनी तिला तातडीनं पुण्याला धाडलं आणि ती वाचली. ती परत आली त्या दिवशी सिस्टरांनी भर व्हरांड्यात तिचे हात धरले आणि म्हणाल्या, "म्या चुकले बाई. हात लावायच्या आधी तोंड लावलं." तेव्हापासून कुठल्याही गुडघ्यावर आधी हाताची पालथी बाजू ठेवून गरम लागतोय का ते बघायचं, आणि मगच बोलायचं, असा त्यांनी नेम केला. बोलायच्या मात्र पूर्वीइतकंच.

आता तान्हाबाईंची गोष्ट सांगतो. सिस्टर खऱ्या कोण होत्या ते मला तिथं कळलं.

पासलीला औषधं घेऊन महिन्यातून एखादा दिवस मीही सिस्टरांबरोबर जायचो. तान्हाबाई तिथल्या भातशेती करणाऱ्या घरातल्या. नवरा मागेच वारलेला. घरात मुलगा, सून आणि थोरले दीर गेनूआबा. जन्मभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली ही बाई साठी ओलांडता ओलांडता पडवीच्या कोपऱ्यात जाऊन पडली होती. पोरगा वाईट नव्हता. "आयेनं लई केलं, आता बसून खावं," असं तो मनापासून म्हणायचा. ताट जागेवर यायचं. तरी बाई वाळत चालली होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

सिस्टर तिच्या अंथरुणाशी एक स्टूल टाकून बसल्या. गुडघ्यावर पालथा हात ठेवला. गरम नव्हता. मग विचारलं, "पानी किती पेता?"

तान्हाबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"आक्का, पानी का पेत न्हाई?"

उत्तर आलं ते पदराआडून. "पेलं की जावं लागतं. बसाया येत न्हाई मला तितं. बसले तर उठाया येत न्हाई. सुनंला किती डाव हाक मारू?"

संडास होता घराला, सरकारी योजनेतला, उकिडवं बसायचा. ती बाई भूक मारत होती, तहान मारत होती, कारण तिला उकिडवं बसता येत नव्हतं. आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून. सिस्टरांचा चेहरा रागानं लाल झाला होता. त्या उठल्या, ओसरीवर आल्या. तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, चांगल्या हात असलेल्या, आल्यागेल्या पुरुषांसाठी. त्यातली एक त्यांनी उचलली आणि तान्हाबाईंच्या मुलाला म्हणाल्या, "करवत आण."

"कशाला, शिस्टर?"

"आण म्हनते ना."

त्यांनी भर अंगणात त्या खुर्चीच्या बैठकीला मधोमध भोक पाडून घेतलं. कडा स्वतः कानशीनं घासल्या, टोचू नयेत म्हणून. शेजारच्या खुर्चीत गेनूआबा बसलेले. पांढऱ्या मिशांचे, गावात मानाचे. ते बघत होते. खुर्ची संडासातल्या भांड्यावर नेऊन ठेवली तेव्हा कुठं त्यांना उलगडा झाला.

"पाव्हन्यांची खुर्ची व्हती ती," आबा म्हणाले.

"पाव्हन्यांना सांगा, तान्हाआक्का पानी पेतीया आता," सिस्टर म्हणाल्या.



त्यानंतर दर फेरीला सिस्टर पडवीत जायच्याच. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली घालायची आणि पाय सरळ करत गुडघ्यानं ती दाबायची, हा पहिला व्यायाम. "ज्याच्यावर राग हाय त्याचं नाव घ्या आन् दाबा," असं त्या सगळ्यांनाच सांगत. तान्हाबाई म्हणाल्या, "नाव न्हाई घेत आमी त्यांचं," आणि ओसरीच्या दिशेनं बघून एकदम हसल्या. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मांडीला बळ यायला लागलं. मग उभं राहणं, मग भिंतीला धरून फेऱ्या. सिस्टरांनी सुनेकडून स्वयंपाकघरात उंच ओटा मांडून घेतला, फळी आणि विटांचा. पण ओट्याशी टेकायला खुर्ची हवी, आणि तिथं घोडं अडलं. स्वयंपाकघराचं दार ओसरीवर उघडायचं. ओसरीवर आबा. आबा दिसत असताना तान्हाबाई खुर्चीत बसायला तयार नव्हत्या. भाकरी थापायची तर उभ्यानं, नाहीतर खाली जमिनीवर. एकदा खाली बसल्या आणि सून शेतात गेलेली म्हणून दुपारभर तशाच बसून राहिल्या.

सिस्टर सरळ आबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आबांचेही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. काठीही उजव्याच हातात धरायचे.

"आबा, काठी डाव्या हातात धरा. भार उजव्या गुडघ्यावरनं उतरंल."

"डाव्या हातात? मी काय डावरा हाय?"

"उजवा हात मोकळा ऱ्हाईल. रामराम घालायला नको का? काठीनं घालता व्हय रामराम?"

हे आबांना पटलं. त्यांनी काठी बदलली, चार पावलं चालले, मिशीतल्या मिशीत खूष झाले. सिस्टर याचीच वाट बघत होत्या.

"आता दुसरं. तान्हाआक्का आत खुर्चीत बसणार."

आबांचा चेहरा बदलला. "आमच्या घरात बायामानसं दिरासमोर खुर्चीत बसत न्हाईत. तुमी शिस्टर हाय, तुमचं निराळं."

"तुमचं गुडघं झिजलं म्हनून तुमाला खुर्ची. तिचं झिजलं तर तिला भुई?"

"रीत हाय ती."

"मग तुमीबी खाली बसा. दोघांला सारखी रीत."

म्हातारा हट्टी होता. "बसतो की," म्हणाला, आणि खरंच काठी टेकून जमिनीवर बसला. मांडीसुद्धा घालायला गेला. नंतर जे व्हायचं तेच झालं. उठता येईना. तान्हाबाईंच्या मुलानं मागून काखेत हात घालून ओढलं तेव्हा आबा वर आले, घामाघूम होऊन. मी हसू दाबलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी आबांचा गुडघा चोळून दिला, पाणी दिलं, आणि एवढंच विचारलं, "कसं वाटलं?"

आबांनी काठी पुन्हा डाव्या हातात घेतली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सिस्टरांना वाटलं, आपण हरलो. परतीच्या एस.टी.त त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या, चिडलेल्या.

पुढच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा आबा ओसरीवर नव्हते. भर उन्हात, बांधावरच्या आंब्याखाली काठी टेकून उभे होते. आत तान्हाबाई ओट्याशी खुर्चीत बसून भाकरी थापत होत्या. सुनेनं हळूच सांगितलं, "चूल पेटली की मामंजी भाईर जात्यात. भाकरी झाल्या की खोकत आत येत्यात. मग आत्याबाई उठत्यात." रीत मोडायची नाही आणि बाईला भुईवर बसवायचं नाही, म्हणून म्हाताऱ्यानं स्वतःच घरातून उठून जायचं ठरवलं होतं. सिस्टर म्हणाल्या, "ही काय जीत न्हाई, कुलकर्णी. तिला त्यांच्यासमोर बसलेली बघायचीय मला." मला आबांचं कौतुक वाटलं होतं, तसं मी बोललोही. "उन्हात उभं ऱ्हायलं म्हंजी झालं व्हय?" म्हणून त्यांनी मला गप्प केलं. तरी त्या दिवशी आबांसाठी छत्री मात्र त्यांनीच सुनेकडून पाठवली.

असं चार-पाच वर्षं चाललं. सिस्टर निवृत्त झाल्या. पानशेतच्या एका बंगलेवाल्यांनी त्यांना आईच्या सेवेसाठी मागितलं. आई प्रेमळ होती, बंगल्याला लिफ्ट होती. सिस्टर म्हणाल्या, "त्यांना माझी काय गरज? त्यांना खुर्चीत बसायला कोन अडवतंय?" आणि विंझरला घरी राहिल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, असा मुलाचा लकडा होता. "आधी हे गुडघे मी वापरून संपवते," हे त्यांचं उत्तर.

गेल्या हिवाळ्यात गेनूआबा गेले. सिस्टरांचा मला फोन आला, "गाडी काढा." मी त्यांना घेऊन पासलीला गेलो. दहावा व्हायचा होता. सुतकाचं घर, ओसरीवर सतरंजी अंथरलेली, सगळे खाली. आपल्याकडे सुतकात कुणी खुर्चीत बसत नाही. पाटील असो नाहीतर साहेब, भेटायला आलेला माणूस जमिनीवरच बसतो. बायकांच्या घोळक्यात, भिंतीशी, एकटी तान्हाबाई खुर्चीत बसलेली होती. डोक्यावरून पदर, हात मांडीवर.

पुण्याहून आलेली नणंद, आबांची धाकटी बहीण, रडून घसा बसलेली, आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझ्या भावाला जाऊन आठवडा न्हाई झाला, आन् ही वर बसलीया. ते असताना कदी बसली न्हाई. आता मोकळं रान."

सिस्टर पुढे झाल्या. आता स्फोट होणार हे मला कळलं. त्यांनी तोंड उघडलंही. पण तान्हाबाईंनी त्यांच्याकडे न बघता नुसता हात वर केला, आणि सिस्टरांनी तोंड मिटलं. इतक्या वर्षांत असं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"वन्सं," तान्हाबाई म्हणाल्या, "म्या खाली बसले तर मला उटवाया चौघं लागत्याल. मानसाला चौघांनी एकदाच उचलायचं असतंय. माझी यळ अजून आली न्हाई."

मग त्यांनी बांधावरच्या आंब्याकडे हात केला.

"आन् भावजींला समदं ठावं व्हतं. म्या बसावं म्हनून ते उनात जाऊन उभं ऱ्हायचं. पावसात बी. कुनाला बोललं न्हाईत. आता भाईर गेले ते गेलेच, खोकत आत यायचे न्हाईत. मग म्या कुनासाठी उटू, सांगा."

एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, मोकळं, खुर्चीत ताठ बसून. रडता रडताच सुनेला म्हणाल्या, "शिस्टरला खुर्ची दे. त्यांचं बी गुडघं गेल्यात." सुनेनं दुसरी खुर्ची आणली, ती तान्हाबाईंच्या शेजारी मांडली, आणि सिस्टर तिच्यावर बसल्या. सगळं गाव खाली आणि या दोघी वर, डोळे पुसत. मला त्या वेळी त्या दोघींचा फार अभिमान वाटला, आणि आबांची फार आठवण आली.

सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. गुपचूप उठायचं, मागं न बघता चालू लागायचं. तसा मी उठलो, चपला घातल्या, अंगणात येऊन थांबलो. सिस्टर उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथं थांबून त्या वळल्या.

"आक्का, येते मी," त्या म्हणाल्या.

बायकांनी चमकून माना वर केल्या. कुणीतरी "आगं बया" असं पुटपुटलं. सिस्टरांना वाटलं असावं की ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांनी आणखी मोठ्यानं सांगितलं, "पुन्ना येते."

तान्हाबाईंनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला. सून धरायला पुढे झाली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. त्या एकट्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या."